सामान्यांचा राष्ट्राध्यक्ष, पण कोणत्या सामान्यांचा?



अमेरिकेच्या वीस डॉलरच्या नोटेवर १९२८ पासून अँड्र्यू जॅक्सनचे चित्र आहे. हा सातवा राष्ट्राध्यक्ष, १८२९ ते १८३७. बाप जन्माआधी गेलेला, आई चौदाव्या वर्षी. बड्या घराण्यांची सत्ता त्याने सामान्य माणसाच्या नावाने मागितली आणि मिळविली. १८३२ मध्ये धनिकांच्या मोठ्या बँकेची सनद वाढविण्यास त्याने नकार दिला. १८३५ मध्ये देशाचे सारे कर्ज फेडले. आमच्यासारख्या हिशेबाच्या माणसाला हे वाचून बरे वाटते. (लगेच १८३७ ला मंदी आली, तो वेगळा विषय.) लोकांनी त्याला डोक्यावर घेतले. राजकारणातील भक्तीविषयी बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिलेला इशारा येथे आठवतो.

कारण हा 'सामान्य माणूस' म्हणजे गोरा पुरुष. जॅक्सन स्वतः गुलामांचा मालक. पळालेल्या गुलामासाठी १८०४ मध्ये त्याने जाहिरात दिली: पकडणाऱ्यास ५० डॉलर, शिवाय दर शंभर फटक्यांमागे १० डॉलर जादा, तीनशे फटक्यांपर्यंत!

आणि चेरोकी? हे तिथले मूळ रहिवासी. त्यांच्यातल्या सेक्वोयाने १८२१ पर्यंत स्वभाषेसाठी लिपी तयार केली. १८२७ मध्ये त्यांनी लेखी संविधान केले, १८२८ मध्ये 'चेरोकी फिनिक्स' हे साप्ताहिक काढले. रानटी म्हणणाऱ्यांना याहून चोख उत्तर कोणते? तरी १८३० मध्ये जॅक्सनने त्यांना मिसिसिपी नदीपलीकडे हलविण्याच्या कायद्यावर सही केली. ते न्यायालयात गेले. चेरोकींच्या भूमीवर जॉर्जिया राज्याचे कायदे चालणार नाहीत, असा निकाल १८३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला. जॉर्जियाने तो जुमानला नाही आणि जॅक्सनने बोटही हलविले नाही. पैशाअभावी साप्ताहिक १८३४ मध्ये बंद पडलेच होते. पुढच्या वर्षी जॉर्जियाच्या शिपायांनी छापखानाच उचलून नेला. त्याच वर्षी मूठभरांच्या सह्या घेऊन जमिनीचा करार झाला. त्याविरुद्ध पंधरा हजारांहून अधिक चेरोकींचा अर्ज गेला, तो कोणी ऐकला नाही.

१८३८ मध्ये, जॅक्सननंतरच्या राष्ट्राध्यक्षाच्या काळात, सैन्याने सुमारे सोळा हजार माणसांना घराबाहेर काढले. छावण्यांत आणि वाटेत सुमारे चार हजार मेले.

उरलेल्यांनी १८४४ मध्ये टाहलेक्वा गावी नवे वर्तमानपत्र सुरू केले, आपल्या लिपीत आणि इंग्रजीतही.