शेतघरातील पेट्रोल

फवारणीचे पॉवर पंप, गवत कापण्याची यंत्रे व लहान पाणीपंप ही आता मध्यम स्थितीतील शेतकऱ्याच्याही घरी येऊ लागली आहेत. मजुरांच्या टंचाईच्या ह्या काळात त्यांचे स्वागतच केले पाहिजे. परंतु यंत्राबरोबर जो द्रव पदार्थ घरात शिरला, त्याची नीट ओळख करून घेण्याची तसदी फार थोड्यांनी घेतली, असे खेदाने म्हणावे लागते. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत पेट्रोल भरून ती बियाण्याच्या पोत्यांमागे किंवा चुलीजवळच्या फळीवर ठेवणे, हा प्रकार इतका सर्रास आहे की त्यात कोणास काही वावगे वाटत नाही. आमच्या मते ह्याचे मूळ रॉकेलात आहे. दोन-तीन पिढ्या रॉकेल हाताळून जी सवय जडली, तीच आपण पेट्रोलास लावीत आहो.

हे दोन्ही पदार्थ खनिज तेलापासूनच निघतात, पण त्यांचे स्वभाव अगदी निराळे आहेत. रॉकेल ३५ अंश सेंटिग्रेड किंवा त्याहून अधिक तापल्याखेरीज पेट घेण्याइतकी वाफ सोडीत नाही. म्हणूनच त्यास वात लागते. पेट्रोल मात्र शून्याखाली सुमारे ४० अंशांवरही तशी वाफ सोडते. अर्थात आपल्याकडे पौषातील कडाक्याच्या थंडीतदेखील ते सदैव पेटण्याच्या तयारीत असते. पेटते ती वाफ, द्रव नव्हे; आणि ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पटींनी जड असल्यामुळे वर उडून न जाता जमिनीलगत पसरते व दूरच्या चुलीपर्यंत किंवा देवघरातील निरांजनापर्यंत पोहोचते. हवेत तिचे प्रमाण शेकडा दीडच्या आसपास झाले तरी ठिणगी पुरते. एक लिटर पेट्रोलाची सर्व वाफ झाल्यास ती दहा फूट लांब, रुंद व उंच अशा खोलीतील सुमारे निम्मी हवा पेटण्याजोगी करू शकते. मग पाचटाच्या ढिगावर पेट्रोल शिंपडून काडी ओढणाऱ्याच्या धाडसास काय म्हणावे!

कायद्याने ह्याचा विचार फार पूर्वीच केलेला आहे. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यान्वये विक्रीसाठी नसलेले पेट्रोल एकंदर ३० लिटरपर्यंत परवान्यावाचून बाळगता येते. मात्र ते घट्ट बुचाच्या काचेच्या, चिनी मातीच्या अथवा धातूच्या भांड्यात असले पाहिजे. काचेचे किंवा चिनी मातीचे भांडे एक लिटरहून व धातूचे पंचवीस लिटरहून मोठे असता कामा नये. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीस ह्या यादीत स्थान नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. धातूचा डबादेखील गाडीवर किंवा टेंपोत ठेवून न भरता जमिनीवर ठेवूनच भरावा. घर्षणाने साठलेली वीज तेथे ठिणगी पाडू शकते. पंपात पेट्रोल ओतताना तो पाठीवरून खाली उतरवून निवू द्यावा, हे सांगण्याचीही पाळी यावी ह्याचे नवल वाटते.

नळीने तोंडाने पेट्रोल ओढण्याची चाल तर तत्काळ बंद झाली पाहिजे. पोटात गेलेल्या पेट्रोलापेक्षा फुप्फुसात उतरलेले थोडेसे पेट्रोल अधिक घातक असते. म्हणून कोणी, विशेषतः लहान मुलाने, ते गिळल्यास त्यास ओकारी काढावयास लावू नये; ओकताना तेच श्वासनलिकेत जाते. त्यास सरळ रुग्णालयात न्यावे.

आता पेट्रोलात शेकडा २० पर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. ते आपल्याच उसापासून आणि मका-तांदळापासूनही होते, ह्याचा आम्हांस आनंद आहे. पण इथेनॉल पाण्याशी एकजीव होते. डब्यात पावसाचे पाणी मर्यादेबाहेर शिरले की इथेनॉल व पाणी मिळून तळाशी वेगळे बसतात, आणि यंत्र नेमके तळचेच ओढते. तस्मात् हंगाम संपताच टाकी रिकामी करावी व कार्बोरेटरमधील उरलेले पेट्रोल यंत्र चालवून संपवावे. चार महिन्यांचा साठा करण्यात शहाणपणा नाही.

यंत्र विकणारे व्यापारी रंगीत माहितीपत्रक देतात, तेलाची लहान बाटली देतात, क्वचित टोपीही देतात. धातूचा डबा मात्र देत नाहीत. यंत्राच्या किमतीच्या मानाने डब्याची किंमत ती काय? आमची सूचना अशी की, गावोगावच्या सहकारी सोसायट्यांनी असे डबे आणवून सभासदांस मूळ किमतीत द्यावेत आणि जी सोसायटी यंत्रासाठी कर्ज देते, तिने डब्याची किंमत त्याच कर्जात धरावी. येत्या खरिपापूर्वी हे सहज होण्याजोगे आहे.