साइडपट्टीवरचं चाक

परतीचा पाऊस लांबला की अफझलपूर तालुक्यात ऊस तोडण्यापेक्षा तो फडाबाहेर काढायचीच धास्ती जास्त असते. भीमाकाठची जमीन काळी आणि भारी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि ओली झाली की ती टायरच्या नक्षीत अशी भरते की नवं टायरही गुळगुळीत होऊन बसतं. वापसा यायची वाट पाहायला तोडणीची टोळी थांबत नाही, कारखान्याचा नंबरही थांबत नाही. मग हवळग्याच्या कारखान्याकडे निघालेला ट्रॅक्टर किंवा गाणगापूरच्या वाटेवरचा पिकअप रुततो. एक चाक जागच्या जागी गरगर फिरतं आणि दुसरं ढिम्म हलत नाही.

म्हणून या भागात नवी गाडी घेताना हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. साधी घ्यावी, की डिफलॉकवाली? जगात हा प्रश्न मुख्यतः बर्फाच्या संदर्भात चर्चिला जातो. लडाखच्या वाटेवरच्या ट्रकवाल्यापुढे तो आहे, आणि मिनेसोटा किंवा टोरांटोत राहून हिवाळ्यासाठी पिकअप घेणाऱ्या आपल्या मुलांपुढेही आहे. गाणगापुरात बर्फ पडत नाही. पण चाकाला समजते ती फक्त पकड, आणि ओली काळी माती पकडीच्या बाबतीत बर्फाला फारशी हार जात नाही. तेव्हा बर्फातून निघालेले धडे इथे उपयोगी पडतात, आणि तेच तपासून घ्यायला हवेत.

वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. दोन्ही चाकं एकाच दांड्याला जखडली तर टायर घासतात, दांड्यावर पीळ बसतो. हा पेच सोडवणाऱ्या डिफरन्शियलचं पेटंट फ्रान्सच्या ओनेसिफोर पेक्युरने १८२८ साली वाफेच्या गाडीसाठी घेतलं, आणि आजही मूळ रचना तीच आहे. पण ती दोन्ही चाकांना सारखाच जोर देते. एका चाकाला पकड नसेल तर ते जेवढा जोर पेलेल, तेवढाच दुसऱ्यालाही मिळतो.

हिशेब मांडला की फरक डोळ्यांपुढे येतो. समोरून उसाची डबल ट्रॉली आली म्हणून पिकअप डावीकडे उतरवला. उजवं चाक डांबरावर, डावं साइडपट्टीच्या चिखलात. चिखलातलं चाक २०० न्यूटन-मीटर जोरावर घसरतं आणि डांबरावरचं २,००० पेलू शकतं असं धरू. साध्या डिफरन्शियलमध्ये दोन्ही चाकांना २००-२००, म्हणजे एकूण ४००. गाडी हलणार नाही. लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल, म्हणजे घसरणाऱ्या चाकाला आवर घालणारं, एकास तीन या प्रमाणात जोर वाटत असेल तर २०० आणि ६००, एकूण ८००. पूर्ण लॉकमध्ये, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र जखडली की, २०० आणि २,०००, एकूण २,२००. एवढ्यावरून कुणीही लॉकलाच कौल देईल.

पण हाच पिकअप फडात घ्या. आता दोन्ही चाकं त्याच चिखलात आहेत आणि प्रत्येकाची कुवत २०० आहे. तिन्ही प्रकारांत बेरीज ४००च येते. लॉक असलेली गाडीही तिथेच उभी राहते, फरक इतकाच की आता एकाऐवजी दोन खड्डे खणले जातात. लॉक पकड निर्माण करत नाही, असलेली पकड वाया जाऊ देत नाही. जुने ड्रायव्हर चाकाखाली पाचट, मुरूम किंवा तुऱ्हाट्या टाकतात ते यासाठीच. गाडी विकताना हे कुणी सांगत नाही, आणि घेणाऱ्याने हे आधी समजून घेतलं पाहिजे असं मला फार मनापासून वाटतं, कारण बहुतेक निराशा इथूनच सुरू होते.

लॉकची दुसरी बाजू बर्फात राहणारे लोक चांगली ओळखतात. साध्या गाडीचं एक चाक फिरायला लागलं तरी दुसरं शांत असतं, आणि त्या शांत चाकामुळे गाडीचा मागचा भाग आडवा सरकत नाही. लॉक केलेल्या गाडीची दोन्ही चाकं एकदम घसरली की तो आधार जातो, आणि उतार ज्या बाजूला असेल तिकडे मागचा भाग सरकतो. डोंगरातल्या बर्फाळ वळणावर ती दरी असते. आपल्याकडचे रस्ते मधे उंच आणि कडेला उतरते असतात, त्यामुळे पूर ओसरल्यावर गाळाचा थर बसलेल्या रस्त्यावर तीच गोष्ट चरीच्या दिशेने घडते. ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेला आलेला महापूर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना गाळाचा रस्ता म्हणजे काय हे सांगायला नको. शिवाय लॉक लागलेली गाडी वळायला कुरकुरते. स्टिअरिंग फिरवलं तरी ती सरळच जायला बघते. गुरुपौर्णिमेच्या पावसात दहा-बारा भाविक भरलेली क्रूझर चालवणाऱ्याच्या दृष्टीने अडकणं ही गैरसोय आहे, आडवं सरकणं हा अपघात आहे. त्या दोन्हींना एका मापाने तोलता येत नाही.

लिमिटेड-स्लिपचं मोठं बळ म्हणजे ते न सांगता, हळुवार काम करतं. धावत्या गाडीत, अधूनमधून घसरणाऱ्या रस्त्यावर, म्हणजे हिवाळ्यातल्या शहरी बर्फावर किंवा पावसातल्या डांबरावर, तेच सोयीचं. पण त्यातही दोन जाती आहेत. एकात क्लच प्लेटा असतात; त्या झिजतात आणि त्यांना खास ऑइल लागतं. दुसऱ्यात नुसते तिरके गिअर असतात. ते झिजत नाहीत, पण एक चाक हवेत गेलं की निकामी ठरतात, कारण शून्याची तिप्पटही शून्यच. बांध ओलांडताना चाक हवेत जाणं ही या भागात रोजची गोष्ट आहे. अशा वेळी अर्धवट हँडब्रेक ओढला तर मोकळ्या चाकाला थोडा विरोध मिळतो आणि दुसऱ्याला जोर जातो. ट्रॅक्टरवाले फिरणाऱ्या चाकाचाच ब्रेक दाबून हे वर्षानुवर्षं करत आलेत. आजच्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक्सच्या मदतीने ब्रेक लावून जी व्यवस्था केलेली असते, तीही हीच. फक्त ती लांबलचक चिखलात ब्रेक तापवते.

मधला एक मार्ग म्हणजे आपोआप लागणारं मेकॅनिकल लॉक. दोन चाकांच्या वेगात ठरावीक फरक पडला की ते धाडकन लागतं, आणि गाडीने वेग घेतला की लागत नाही. ईटन कंपनीचं या जातीचं लॉक जनरल मोटर्सच्या ट्रकमध्ये १९७३ पासून अमेरिकेच्या बर्फात फिरतंय. त्याच कंपनीचं लॉक महिंद्राच्या २०२० च्या थारमध्ये आणि पुढे बोलेरो निओच्या वरच्या श्रेणीत आलं. ड्रायव्हरला काही करावं लागत नाही हा त्याचा गुण. दोष असा की ते कधी लागेल हे ड्रायव्हर ठरवत नाही, आणि चाक आधी फिरल्याशिवाय ते जागं होत नाही. काळ्या मातीत चाकाचे ते पहिले दोन-चार फेरे म्हणजे वीतभर खड्डा. हाताने लावायचं लॉक, जसं फोर्स गुरखात पुढे-मागे दोन्हीकडे मिळतं, ते चिखलात शिरण्याआधीच लावता येतं. शेतवाटेला याहून चांगलं काही नाही.

मग कौल कुणाला? माझ्या मते यंत्रापेक्षा आधी स्टिअरिंगवर कोण बसतं ते पाहावं. ट्रॅक्टरच्या बाबतीत वादच नाही: लॉकचं पेडल बहुतेक ट्रॅक्टरवर टाचेजवळ असतंच. ते वापरायचं कसं हे शिकवायची मात्र गरज आहे. चाक जोरात फिरत असताना ते दाबायचं नाही, आधी वेग उतरवायचा. वळताना ते सोडायचं. हंगामाच्या सुरुवातीला कारखान्यांनी वाहतूकदारांना एवढं जरी समोर करून दाखवलं तरी कितीतरी हाफ शाफ्ट वाचतील.

मालक स्वतःच चालवत असेल आणि रोज शेतातून माल काढायचा असेल, तर हाताने लावायचं लॉक घ्यावं. पण इथल्या बऱ्याच पिकअपवर हंगामात दोन-तीन ड्रायव्हर बदलतात. बाहेर पडल्यावर लॉक काढायचं राहून गेलं आणि गाडी तशीच डांबरावर धावली, तर टायर, शाफ्ट, क्राऊन, काहीतरी जाणारच. अशा गाडीला आपोआप लागणारं लॉक किंवा लिमिटेड-स्लिप बरं. भाविकांची वाहतूक करणाऱ्या गाडीला तर हळुवार काम करणारंच हवं, पूर्ण लॉक नको. आणि ज्याचा धंदा मुख्यतः तुरीचा आहे त्याने यावर पैसे घालू नयेत. गुलबर्ग्याच्या, म्हणजे आताच्या कलबुर्गीच्या, तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिची वाहतूक वाढेलही. पण तूर निघते ती हिवाळ्यात, वाळलेल्या जमिनीवर, आणि जाते डांबरावरून कलबुर्गीच्या बाजारात. त्याने तेच पैसे मागच्या टायरांत घालावेत.

एका बाबतीत मात्र मला तडजोड पटत नाही. ज्या गाड्या चिखलात सर्वाधिक राबतात त्या स्वस्त श्रेणीतल्या मालवाहू गाड्या, आणि लॉक मिळतं ते बहुधा वरच्या, शहरात फिरणाऱ्या श्रेणीत. मालवाहू पिकअपला ते वेगळ्या किमतीत का होईना, मागेल त्याला मिळालं पाहिजे. फडापासून डांबरापर्यंतच्या वाटेवर मुरूम टाकायची जबाबदारीही एकट्या शेतकऱ्यावर ढकलू नये, कारण जिथे दोन्ही चाकांना पकड नाही तिथे कुठल्याच लॉकचा इलाज चालत नाही.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी एक साधी तपासणी आहे. पुढच्या चाकांना उटी लावून मागची दोन्ही चाकं जॅकवर उचलायची, पक्का आधार द्यायचा, इंजिन बंद ठेवून गाडी न्यूट्रलमध्ये घ्यायची आणि हँडब्रेक सोडायचा. एक चाक हाताने फिरवल्यावर दुसरं उलट फिरलं तर डिफरन्शियल साधं किंवा तिरक्या गिअरांचं आहे, प्लेटा झिजल्या आहेत, किंवा लॉक असून लागलेलं नाही. दुसरं त्याच दिशेने फिरलं तर आत बहुधा क्लच प्लेटांचं लिमिटेड-स्लिप आहे आणि प्लेटांत अजून जीव आहे. मग हौसिंगमध्ये आजवर कुठलं ऑइल घातलं ते विचारावं. विकणारा ‘साधंच घालतो की’ म्हणाला, तर प्लेटा बदलायचा खर्च किमतीतून वजा करूनच बोली लावावी.