खतावणीला पुन्हा क्रम कशाला?

परतूरच्या मोंढ्यात कापसाची आवक सुरू झाली म्हणजे आडतीच्या जुन्या दुकानांतून ज्या दोन वह्या गादीशेजारी उघड्या असत, त्यांपैकी रोजकीर्दीत व्यवहार ज्या क्रमाने घडला त्याच क्रमाने उतरत जाई, आणि खतावणीत तोच व्यवहार ज्याच्या त्याच्या खात्यावर, परंतु त्या खात्यापुरता पुन्हा तारीखवारच, कीर्दीच्या पानाचा आकडा शेजारी घेऊन चढत असे. एकच मजकूर दोनदा लिहिण्याचे हे श्रम मुनीम एवढ्याचसाठी पत्करी की, एखादा शेतकरी आपला हिशेब मागावयास आला असता वर्षभराची कीर्द उलगडून त्याच्या नोंदी वेचण्याचा आणि मग त्या तारखांप्रमाणे जुळविण्याचा प्रसंग येऊ नये. डेटाबेसमध्ये ज्याला इंडेक्स म्हणतात तो या खतावणीच्याच जातीचा आहे, हे या सदराच्या नियमित वाचकांना ठाऊक आहेच.

याच मोंढ्यातील एका दुकानात संगणकावरील हिशेब फार मंदावला आहे म्हणून मला गेल्या पंधरवड्यात बोलावणे आले. क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडे केलेली मागणी, कोणत्या मार्गाने जाणार याचा आराखडा ‘एक्सप्लेन’ या आज्ञेने मागविला, तेव्हा असे दिसले की वर्षाची एकूण उलाढाल काढण्यापूर्वी यंत्र सर्व नोंदी रकमेच्या उतरत्या क्रमाने लावीत होते, आणि इतक्या कष्टाने लावलेला तो क्रम पुढच्याच क्षणी एका बेरजेत विसर्जित करीत होते. बेरजेला क्रमाची गरज नाही हे शाळेतील मूलही सांगेल. परंतु प्रोग्राम लिहिणाऱ्याने आतल्या क्वेरीत ‘ऑर्डर बाय’ लिहून ठेवले होते, आणि लिहिलेली आज्ञा पाळणे यंत्राला भाग होते. एक लाख नोंदी क्रमाने लावावयाच्या तर सुमारे १७ लाख तुलना कराव्या लागतात. शिवाय पोस्टग्रेस ही डेटाबेस-प्रणाली अशा एका क्रमवारीसाठी मुळात ४ मेगाबाइट एवढीच स्मृती राखून ठेवते, आणि मजकूर त्याहून मोठा झाला की त्याचे तुकडे डिस्कवर लिहून मग ते एकत्र विणीत बसते. ती एक ओळ काढताच हिशेब पूर्वीसारखा चालू लागला. हा सरळ निष्काळजीपणा होता. त्यावर अधिक लिहिण्याचे कारण नाही.

ज्या ठिकाणी क्रम खरोखरच हवा असतो, परंतु तो दप्तरात आधीपासूनच नांदत असतो, ते स्थळ मात्र अधिक विचार करण्याजोगे आहे. खाते आणि तारीख अशा जोडीवर इंडेक्स असेल, तर ‘सर्व खाती क्रमाने, प्रत्येकात तारीखवार’ ही मागणी म्हणजे खतावणी पहिल्या पानापासून वाचीत जाणे होय. आणि ‘या एकाच खात्याच्या नोंदी तारीखवार’ अशी मागणी आली, तर खाते ठरलेलेच असल्यामुळे उरलेला क्रम तारखेचाच राहतो, म्हणून तेथेही क्रमवारी लावणे नलगे. इंडेक्स केवळ खात्यावर असेल तर अर्धा क्रम हाती असतो. २०२० च्या १३ व्या आवृत्तीपासून पोस्टग्रेस असा अर्धा क्रम टाकून न देता, एकेका खात्यापुरत्याच तारखा लावून घेते. हे शहाणपण पुष्कळ जुने आहे. १९७९ साली आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेतील पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी ‘सिस्टिम आर’ या डेटाबेसविषयी जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात एखादा मार्ग थोडा महाग असला तरी तो पुढे उपयोगी पडणारा क्रम बरोबर आणीत असेल तर त्याला तेथल्या तेथे बाद करू नये, असा नियम घातलेला आहे, आणि क्वेरीचा मार्ग ठरविणारे आजचे बहुतेक प्लॅनर त्याच वाटेने चालतात.

१९९६ मध्ये आयबीएमच्याच काही संशोधकांनी आणखी एक पाऊल टाकले: क्रमाच्या मागणीत आधी आलेल्या स्तंभावरून नंतरचा निश्चित होत असेल, तर तो नंतरचा मागणीतून निःशंक वगळावा. आता आपल्याकडील उदाहरण पाहा. तालुका परतूर म्हटला की जिल्हा जालना, हे आज कोणीही सांगेल. परंतु जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी निर्माण झाला आणि त्यापूर्वी हा तालुका परभणीत होता, म्हणून ज्या दप्तरात त्या दिवसाच्या अलीकडचे आणि पलीकडचे कागद एकत्र नोंदले आहेत, तेथे परतूर या एका नावापुढे दोन जिल्हे येतात, आणि जिल्हा हा शब्द क्रमातून गाळणे चुकीचे ठरते. यंत्राला हा इतिहास माहीत नसतो. म्हणून ते पुरावा असेल तेव्हाच गाळते, आणि तो पुरावा मर्यादांच्या रूपाने त्याला लिहून देण्याची जबाबदारी मी तरी दप्तर रचणाऱ्याचीच मानतो.

क्रम टाळण्याचा हा आग्रह अतिरेकासही जाऊ शकतो. संपूर्ण कीर्द वाचावयाची असेल, तर खतावणीतील एकेका नोंदीसाठी कीर्दीचे कधी दहावे, कधी तीनशेवे पान उलटण्यापेक्षा कीर्द सरळ वाचून मागाहून क्रम लावणे पुष्कळदा स्वस्त पडते. प्लॅनर तसे करीत असेल तर त्याला दोष देऊ नये. आणि नोंदी नेहमी क्रमानेच येताना दिसतात म्हणून ‘ऑर्डर बाय’ हे शब्दच काढून टाकणे हा तर अपराध होय, कारण न मागितलेल्या क्रमाची हमी डेटाबेस कधीही देत नाही. क्रम हवा तेथे तो मागावाच. तो मुद्दाम लावावयाचा की असलेलाच वापरावयाचा, हा निर्णय यंत्राकडे सोपवावा.

त्या दुकानातील दुसरी तक्रार खातेदारांच्या यादीची होती. नावांवर इंडेक्स असूनही प्रत्येक वेळी सारी यादी नव्याने लावली जात होती, आणि याचे कारण आपल्या वर्णमालेत सापडले. युनिकोडमध्ये ‘ळ’ हे अक्षर ‘ल’च्या लगेच पुढे बसविलेले आहे आणि ‘क्ष’ हा ‘क’च्याच पोटात येतो, म्हणून निव्वळ संकेतांकांच्या क्रमाने रचलेल्या इंडेक्समध्ये काळे हे कासारांच्या आधी येतात, आणि क्षीरसागर हे खरातांच्या आधी. मालकांना यादी मराठी क्रमाने हवी होती, तशी ती क्वेरीत मागितलीही होती, परंतु मागणीचा क्रम एक आणि इंडेक्सचा दुसरा, अशा स्थितीत यंत्राला तो इंडेक्स निरुपयोगीच होता. २०१७ च्या १० व्या आवृत्तीपासून पोस्टग्रेसला मराठीचा वर्णक्रम सांगता येतो. तोच सांगून इंडेक्स पुन्हा बांधला. आता काळे कासारांच्या मागे आणि क्षीरसागर यादीच्या अखेरीस, म्हणजे जुन्या खतावणीच्या आरंभीच्या सूचीत मुनीमाने त्यांना बसविले असते तेथेच येतात, आणि आराखड्यात ‘सॉर्ट’ हा शब्द दिसत नाही.

— दप्तरदार