कोब्याखालचं चेंबर

१. घर बांधून झालं की शेवटची हौस उरते ती फाटकापासून पोर्चपर्यंतच्या कोब्याची. भोर शहरातलं नवं घर असो की वेल्ह्याकडचं (तालुका आता राजगड झाला) पुणेकराचं फार्महाऊस, गवंडी संडासच्या टाकीच्या चेंबरवरून सरळ पेव्हिंग ब्लॉक ओढतो आणि मालक खूश होतो. झाकण कुठे ठेवायचं हे मालकाच्या आवडीवर सोडू नये, एवढंच माझं म्हणणं.

२. गावाकडे संडासची टाकी ही घरमालकाची खासगी बाब समजली जाते. पण गाळ साचून ती तुंबली की मैलपाणी शेजाऱ्याच्या विहिरीकडे आणि ओढ्याकडे जातं. साधारण दोन-तीन वर्षांनी ती उपसावीच लागते. टाकीला बहुधा दोन कप्पे असतात. जास्त गाळ पहिल्यात बसतो. नेमकं पहिल्याचंच झाकण कोब्याखाली गेलं, तर मैलागाडी दुसऱ्यातलं पाणी ओढून, पैसे घेऊन निघून जाते. मालकाला वाटतं, टाकी साफ झाली.

३. मांढरदेवीचा घाट उतरला की वाई. तिथे नगरपरिषदेने २०१८पासून दर तीन वर्षांनी प्रत्येक टाकी ठरवून उपसायची पद्धत सुरू केली. उपसलेल्या मैल्यासाठी प्रक्रिया केंद्रही उभारलं. भोरने हे उचलायचं म्हटलं, तर आधी झाकणं सापडायला हवीत. दर फेरीला कुणाच्या दारात ब्रेकर लावणार?

४. हा मुद्दा जिवाचा आहे. झाकण सापडत नाही, पाइप पोचत नाही, मग कुणीतरी फोडलेल्या भोकातून माणूस खाली उतरवतो. आत हायड्रोजन सल्फाइड साचलेला असतो. सडक्या अंड्यासारखा त्याचा वास येतो. पण प्रमाण वाढलं की नाकाला तो कळेनासा होतो, म्हणून ‘वास नाही, उतर’ हा अंदाज घातकी. सुरक्षासाधनांशिवाय टाकीत किंवा गटारात माणूस उतरवायला २०१३च्या कायद्याने बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३मध्ये गटारातल्या मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली.

५. ‘दिसायला वाईट’, ‘वास येतो’ या तक्रारी खऱ्या आहेत, पण त्यांना इलाज आहे. खोलगट झाकण मिळतं. त्यात तीच फरशी बसते. वास येतो तो फटीतून किंवा हवेचा पाइप नसल्यामुळे. चौकट कोब्याच्या पातळीपर्यंत उचलून घ्यावी. काँक्रीटच्या झाकणांच्या भारतीय मानकात २.५, १०, २० आणि ३५ टनांचे दर्जे आहेत. मोटार जाणार असेल तर १० टनाचं, पाण्याचा टँकर आत येणार असेल तर २० टनाचं घ्यावं. अंगणातलं हलकं झाकण चाकाखाली फुटतं.

६. फाटकासमोरच्या गटाराचंही तेच. त्यावर ढापा हवा, उचलता येणारा. सलग स्लॅब किंवा बारकी नळी टाकून केलेला उतार आपल्याकडच्या पावसात तुंबतो.

७. पूर्णत्वाचा दाखला देताना झाकण तपासून उपयोग नाही. कोबा दाखल्यानंतरच होतो. त्यापेक्षा घरपट्टीच्या नोंदीत, गावात नमुना ८ला जोडून, टाकीचा छोटा नकाशा ठेवावा.

८. आणि नागरिकांना नोटिसा काढण्याआधी एक काम. रस्ता काँक्रीटचा करताना ठेकेदारच चेंबर बुजवतात. बिल अदा करण्याआधी ठेकेदाराने प्रत्येक झाकण अभियंत्यासमोर उघडून दाखवावं.