नाताळचा चित्रपट आणि समोर बसलेले मूल

डिसेंबरचा अखेरचा आठवडा जवळ आला की दूरचित्रवाणीवर आणि मोबाइलवर लाल टोपीचे, बर्फाचे आणि घंटांचे चित्रपट दिसू लागतात. जालन्याहून मंठ्याकडे जाताना लागणाऱ्या वाटूरसारख्या गावात बर्फ पडत नाही. तेथे हे दिवस कापूस वेचण्याचे, तूर सांभाळण्याचे आणि हरभऱ्याला पाणी देण्याचे असतात. तरीही शाळेतून कागदी तारा करून आलेले नातवंड सायंकाळी आजीपाशी हट्ट धरते, की सांताक्लॉजचा सिनेमा लाव. हा हट्ट पुरवायला काहीच हरकत नाही. मात्र निवड आपण करावी आणि ती करताना पडद्याच्या आधी मुलाकडे पाहावे.

याचे कारण या चित्रपटांच्या गाभ्यातच आहे. नाताळच्या बहुतेक चित्रपटांत कोणीतरी घरापासून दूर असते आणि सणाच्या रात्री ते परत येते. मंठा, परतूर, घनसावंगी या तालुक्यांतील अनेक घरांत याच दिवसांत आईवडील घरी नसतात. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि गाळप संपेपर्यंत लेकरे आजी-आजोबांच्या पदरी असतात. कोणाचे आईवडील पुण्यात किंवा छत्रपती संभाजीनगरला कामाला असतात. अशा मुलाला पडद्यावर दारातून आत येणारी आई दिसते, तेव्हा त्याच्या मनात काय होत असेल, याचा विचार निवडीपूर्वी करायला हवा. ते पाहून एखादे मूल सुखावेल, तर दुसरे अंथरुणात तोंड लपवून रडेल. तुमचे नातवंड कसे आहे, हे प्रमाणपत्र सांगणार नाही. तुम्हीच सांगू शकाल.

प्रमाणपत्र अर्थातच पाहावे. ‘यू’ म्हणजे सर्वांसाठी. ‘यूए’च्या पुढे आता 7+, 13+ किंवा 16+ असा आकडा असतो; त्या वयाखालील मुलांनी तो चित्रपट पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा, असा त्याचा अर्थ. हा आकडा मारामारी, भीती आणि भाषा यांविषयी सावध करतो. विरहाविषयी मात्र तो काहीच सांगत नाही.

‘होम अलोन’ (1990) हा मुलांचा लाडका चित्रपट घ्या. आठ वर्षांचा केव्हिन घरच्यांवर रागावतो, हे सगळे नाहीसे व्हावेत अशी इच्छा करतो, आणि सकाळी उठतो तर घर रिकामे. घरचे त्याला विसरून पॅरिसला निघालेले असतात. पुढे तो चोरांची जी फजिती करतो, तिला मुले खळखळून हसतात. पण आपल्यामुळेच माणसे गेली, हे केव्हिनला वाटणे लहान मुलांत खरोखर आढळते. आईबाप निघाले त्या दिवशी हट्ट केला होता, म्हणून ते गेले, असे मूल मनात धरून बसते आणि कोणाला सांगत नाही. हा चित्रपट दाखवलात तर नंतर सहज बोलता बोलता सांगा, “बाळा, तुझे आईबाबा कामासाठी गेलेत, तुझ्यामुळे नाही. काम संपलं की येणार आहेत.” चोरांना मारण्याच्या युक्त्या खऱ्या आयुष्यात जिवावर बेततात, हेही बजावा. याच चित्रपटात मुलाशी अबोला धरलेला शेजारचा एक म्हातारा आहे. नातीचे गाणे ऐकायला तो चर्चमध्ये येऊन बसतो. आजोबा मंडळींनी त्याच्याकडे अवश्य लक्ष द्यावे.

‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ (1946) हा जगभर गौरवला गेलेला चित्रपट. मात्र तो लहान मुलांसाठी निवडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पैशांच्या संकटात सापडलेला एक सज्जन माणूस नाताळच्या आदल्या रात्री जीव देण्यासाठी पुलावर उभा राहतो. शेवट आशेचा आहे, गाव त्याच्या पाठीशी उभे राहते. परंतु मराठवाड्यात कर्जापायी घरातला कर्ता माणूस गमावलेली कुटुंबे आहेत. अशा घरातील मुलाच्या मनात एकच प्रश्न उरेल, की आपल्या माणसाला वाचवायला कोणी का आले नाही? घरात कोणाच्या मनात असे विचार येत असतील, तर 14416 या ‘टेलिमानस’ क्रमांकावर दूरध्वनी करावा. सेवा विनामूल्य आहे.

मग पाहावे तरी काय? माझी पहिली पसंती शब्दांवाचून चालणाऱ्या चित्रपटांना आहे. इंग्रजी संवाद नातवाला अर्धे कळतात, आजीला कळत नाहीत, आणि कमी ऐकू येणाऱ्या आजोबांसाठी आवाज वाढवला की सगळ्यांचीच डोकी उठतात. संवादच नसतील तर तिघेही एका पायरीवर बसतात. ‘शॉन द शीप: द फ्लाइट बिफोर ख्रिसमस’ (2021) हा अर्ध्या तासाचा चित्रपट मेंढ्यांच्या कळपाचा आहे. त्यात टिमी नावाचे कोकरू हरवते आणि सापडते. आईपासून दूर असलेल्या मुलालाही ही ताटातूट पेलवेल, कारण ती थोड्या वेळाची आणि हसतखेळत संपणारी आहे.

‘द स्नोमॅन’ (1982) हा सुमारे सव्वीस मिनिटांचा, त्यात एक गाणे सोडले तर शब्द नाहीत. मुलाने केलेला बर्फाचा माणूस रात्री जिवंत होतो, त्याला आकाशातून फिरवून आणतो आणि सकाळी वितळून गेलेला असतो. ज्या घरात अलीकडेच कोणी गेले आहे, तेथे हा चित्रपट मुलाला एकटे पाहू देऊ नये. आपण जवळ असलो तर मात्र गेलेल्या माणसाविषयी बोलण्याची वाट त्यातून सापडते.

नाताळच्या आदल्या दिवशी, 24 डिसेंबरला, साने गुरुजींचा जन्मदिवस असतो. आचार्य अत्र्यांचा ‘श्यामची आई’ (1953) राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा पहिला मानकरी ठरला. तो त्या दिवशी पाहायला उत्तमच. पण त्यातही आईचा मृत्यू आहे, तेव्हा वरचाच विचार येथेही लागू.

नातवंडाने विचारले, की नाताळ म्हणजे काय, तर हा येशूच्या जन्माचा सण असल्याचे सरळ सांगावे. तो फक्त बर्फाच्या देशातला नाही. आपल्या जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसवली होती. सांताच्या भेटवस्तूंबद्दल मात्र जपून बोलावे. चांगल्या मुलालाच भेट मिळते, असे म्हटले की ज्याला मिळत नाही ते मूल स्वतःला वाईट समजते.

आता थोडे प्रकृतीचे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा, की दोन वर्षांखालील बाळाला पडदा दाखवू नये, दोन ते पाच वयात दिवसाला एक तासाहून अधिक नको, आणि पाच ते दहा वयात दोन तासांच्या आत ठेवावे. त्यामुळे मोठा चित्रपट दोन दिवसांत विभागून पाहावा. जेवण आणि औषधे आधी उरकावीत. पडद्यासमोर खाल्ले की किती खाल्ले याचे भान राहत नाही, आणि मधुमेहींना ते बाधते. अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे, म्हणजे पाय जड होत नाहीत. मोबाइलपेक्षा मोठा पडदा बरा. भरवस्तीत झोपायच्या वेळी दिवे गेले की मुले अधिक घाबरतात, म्हणून भुताखेतांचे प्रसंग असलेला चित्रपट रात्री लावूच नये.

दोन वर्षांखालील बाळांसाठीही त्या सल्ल्यात एक अपवाद आहे, तो नातेवाइकांशी अधूनमधून होणाऱ्या व्हिडिओ कॉलचा. तेव्हा चित्रपट टोळी कोपीवर परतण्याच्या वेळेआधी संपेल असा लावा. मग आईबापांना फोन जोडा आणि कोकरू कसे हरवले, कसे सापडले, ते मुलालाच सांगू द्या.