बॅटरीत दम किती?

आमच्या घराण्यात पहिले वाहन आले ते सायकलीच्या रूपाने. वडिलांनी ती वापरलेली घेतली होती. दुकानात त्यांनी मागचे चाक उचलून पायडल फिरवले, डोळे मिटून कान दिला आणि म्हणाले, "बेअरिंग ठीक आहे." त्या कानाच्या हमीवर ती सायकल बावीस वर्षे चालली. तोच वारसा घेऊन मी यंदा जुनी विजेची मोटार पाहायला निघालो आणि पहिल्याच गाडीत बसताच ध्यानात आले, की इथे कानाला कामच नाही. गाडी सुरू झाली आहे, हे मला दलालाने सांगावे लागले!

आयुष्यभर लोकलला लोंबकळलेल्या माणसाला साठीच्या उंबरठ्यावर मोटार कशाला, असे वाचक विचारतील. कारण सांगतो. माझी आई ऐंशी वर्षांची. गेल्या वर्षापासून तिचे डायलिसिस चालू आहे : मंगळवार, गुरुवार, शनिवार. पाळी सकाळी साडेसहाची. रुग्णालय आमच्या ठाण्यातल्या घरापासून बारा किलोमीटर. मोबाइलवर टॅक्सी मागवावी, तिने "येते" म्हणावे आणि पाच मिनिटांनी अंतर्धान पावावे, हा नित्याचा प्रकार. जुलैतल्या एका पहाटे कोसळत्या पावसात आई फाटकाशी खुर्चीवर पाऊण तास बसून राहिली. त्या दिवशी यंत्रावर वेळ कमी मिळाला आणि रात्री तिला धाप लागली. दुसऱ्या दिवशी सौ.ने काही न बोलता कपाटातून ठेवीच्या पावत्या काढल्या. मोडता येण्याजोगी रक्कम निघाली साडेसहा लाख.

एवढ्या पैशांत नवी मनासारखी येईना, म्हणून जुनी. हिला क्लचची धास्ती आणि मला पेट्रोलच्या दराची, म्हणून विजेची. पण बैल घेण्याआधी गोठा पाहावा, तसे चिरंजीव म्हणाले, "बाबा, आधी सॉकेटचं बघा." सोसायटीच्या सभेत दोन बैठका आणि तीन चहा झाल्यावर परवानगी मिळाली. परवानाधारक वायरमनकडून आमच्याच मीटरवरून खाली गाडीच्या जागेपर्यंत स्वतंत्र वायर, नीट अर्थिंग आणि पंधरा अँपिअरचा सॉकेट, एवढे आधी करून घेतले. ज्यांना घरी गाडी लावायची सोय नाही, त्यांनी हा नाद तूर्त सोडावा, हे माझे प्रांजळ मत.

मग अभ्यास सुरू झाला. आपल्याकडे विजेची छोटी मोटार नवी नाही. बंगळुरूची रेवा २००१ सालीच रस्त्यावर आली होती. परंतु जुन्या बाजारात आज निवड करता येते, ती २०२० नंतरच्या गाड्यांमुळे. त्या वर्षी जानेवारीत टाटांची नेक्सॉन आली, ३०.२ युनिटांची बॅटरी आणि कागदावर ३१२ किलोमीटर. २०२१ मध्ये २६ युनिटांची टिगोर, २०२२ मध्ये टियागो, तीही १९.२ आणि २४ युनिटांच्या दोन प्रकारांत; २०२३ मध्ये एमजीची इवलीशी कॉमेट, १७.३ युनिटांची. कागदावरचे किलोमीटर हे लग्नपत्रिकेतल्या मुहूर्तासारखे असतात. एसी लावून, शहराच्या गर्दीत, दोनतृतीयांश पदरात पडले तर गोड मानून घ्यावे.

आम्ही तीन गाड्या पाहिल्या. कुणाची बदनामी नको, म्हणून रंगावरूनच सांगतो.

निळी सर्वांत स्वस्त, अडीच लाखांची. मला ती पाहताक्षणी आवडली. स्वस्त वस्तू मला नेहमीच देखणी दिसते. परंतु बॅटरीची हमी संपलेली, आणि जलद चार्जिंगचे तोंड जुन्या पद्धतीचे. आता रस्त्यावरच्या केंद्रांत बहुतेक ठिकाणी सीसीएस-२ हा प्लग असतो. तो हिला बसेना. हमी संपलेली बॅटरी बसली, तर नवीच्या किमतीत गाडीची किंमत बुडून जाते. निळी गेली.

पांढरी मोठी, रुबाबदार, २०२० सालची, सहा लाख चाळीस हजार. चिरंजीव तिच्यावर लुब्ध. दलाल म्हणाला, "काका, एका चार्जमध्ये अडीचशे डोळे झाकून." मी डोळे उघडे ठेवले. पडद्यावरचा आकडा हा मागच्या चालवण्यावरून बांधलेला अंदाज असतो. त्यावर न जाता टक्के पाहावेत, हे मी शिकलो होतो. एसी लावून वीस किलोमीटर फिरलो आणि चौदा टक्के गेले. म्हणजे शंभर टक्क्यांत एकशे त्रेचाळीस! गाडी ९५ हजार किलोमीटर धावलेली. बॅटरीची हमी आठ वर्षे किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल ते. म्हणजे २०२८ साली खलास. "अधिकृत वर्कशॉपकडून बॅटरीच्या प्रकृतीचा दाखला आणता का?" असे विचारताच दलालाला दुसरा फोन आला.

करडी लहान, २०२३ सालची, एका बँकेतल्या बाईंची, सहा लाख दहा हजार. धाव २१ हजार. त्याच रस्त्यावर वीस किलोमीटरला अकरा टक्के, म्हणजे एकशे ऐंशी. बाईंनी दाखला न मागता दिला. हमी २०३१ पर्यंत, आणि ती दुसऱ्या मालकाच्या नावे चालू राहील असे कंपनीच्या केंद्राकडून आम्ही लेखी घेतले. मूळ चार्जिंगची केबल आहे का, टायर किती झिजले, कधी पुराच्या पाण्यात उभी होती का, विम्याचे दावे किती, हेही तपासले. फॉर्म २९ व ३० वर सह्या आणि कर्ज फिटल्याचा फॉर्म ३५ हाती आल्यावाचून पूर्ण पैसे देऊ नयेत, हे ध्यानात ठेवा.

तरी घरात दोन पक्ष पडले. चिरंजीवांचे म्हणणे, "बाबा, करडीतून आजीला गावी कसं नेणार? चिपळूण अडीचशे किलोमीटर!" मी वही काढली. रुग्णालय आठवड्याला बहात्तर किलोमीटर, सौ.ची शाळा सत्तर. एकूण एकशे बेचाळीस. आठवड्यातून दोनदा रात्री पाचएक तास सॉकेटला लावली की झाले. युनिट दहा रुपये धरले, तर महिन्याला हजाराच्या आत. टॅक्सीला साडेसहा हजार जात. पण प्रामाणिकपणे सांगतो, ठेवीचे बुडालेले व्याज, विमा आणि गाडीची घटती किंमत धरली, तर फार काही वाचत नाही. पैसे वाचवायला मोटार घेणाऱ्याने घेऊच नये. आम्ही विकत घेत होतो ती पहाटे साडेपाचची खात्री.

निकाल मात्र माझ्या वहीने दिला नाही. दोन्ही गाड्या आईला दाखवायला फाटकाशी आणवल्या. पांढरीत चढायला तिला पाय उचलवेना. मी एकीकडून, चिरंजीव दुसरीकडून, असे तिला वर घ्यावे लागले. करडीत ती आपली आपण टेकली आणि उतरताना नुसता दाराला हात धरून उभी राहिली. चिरंजीव ते पाहत होते. मग तेच म्हणाले, "बाबा, करडी घ्या." डायलिसिसनंतर पाय किती गळतात, हे कुठल्याही जाहिरातीतल्या तक्त्यात नसते.

गाडी आली, त्याला दोन महिने झाले. एकही पाळी चुकलेली नाही की उशीर झालेला नाही. आणि चिपळूण? शनिवारच्या पाळीनंतर मंगळवारपर्यंत मोकळीक असते. डॉक्टरांना विचारून आम्ही दिवाळीआधीच्या रविवारी पहाटे निघालो. वाटेत एकदा जलद चार्जिंगला थांबावे लागले. तासभर मोडणार म्हणून मी चुळबुळू लागलो. आईने डबा उघडला.

"अरे, ती जेवते आहे तोवर आपणही जेवू या," ती म्हणाली.

दुपारी घराच्या अंगणात गाडी उभी राहिली. आई दाराला हात धरून उतरली, आणि जाता जाता तिने बॉनेटवर हलकेच थाप मारली. वडील सायकलीच्या सीटवर मारीत, अगदी तशी.