विश्लेषण : कुस्ती मैदानातल्या खालच्या जोडीचा निकाल आधी सांगता येतो का?

पहिल्या क्रमांकाच्या कुस्तीवर सगळेच बोलतात. पण मैदानाचा खरा कस लागतो तो फलकाच्या तळाशी छापलेल्या जोड्यांत. त्या लढतींचा अंदाज बांधायचा तर काय पाहावे, आणि तो अंदाज बहुतेक वेळा का चुकतो?

खालची जोड म्हणजे नेमके काय?

यात्रांचा हंगाम सुरू झाला की कोल्हापूर, सांगली, सातारा पट्ट्यात मोबाइलवर मैदानांचे फलक फिरू लागतात. वरच्या बाजूला दोन मोठे चेहरे, मध्ये इनामाची रक्कम. त्याखाली द्वितीय, तृतीय क्रमांकाच्या जोड्या. तळाला बारीक अक्षरांत दहा-वीस नावे, नाहीतर नुसती एक ओळ : ‘याशिवाय अनेक चटकदार कुस्त्या होतील.’

मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे एमएमएच्या भाषेत या तळाच्या लढतींना ‘अंडरकार्ड’ म्हणतात. आपल्याकडे त्याला एकच असे नाव नाही. नारळावरच्या पोरांच्या कुस्तीपासून चौथ्या-पाचव्या क्रमांकाच्या जोडीपर्यंत सगळे त्यात येते. वरच्या दोन-तीन कुस्त्या आधी ठरतात. खालच्या अनेक जोड्या मात्र मैदानावरच लागतात. पोरे लांग चढवून आखाड्याभोवती फिरतात, जाणती माणसे अंगलट पाहून दोघांना समोरासमोर उभे करतात आणि हातात हात दिला की जोड पक्की होते.

या लढती महत्त्वाच्या का?

पहिल्या क्रमांकाचा मल्ल हरला तरी पुढच्या मैदानाच्या फलकावर त्याचा फोटो असतोच. खालच्या जोडीतल्या पोराचे तसे नसते. दूध, बदाम, तूप, तालमीचा खर्च, घरच्यांनी सोसलेली ओढाताण या सगळ्यांचा हिशेब त्या पाच-दहा मिनिटांत होतो. चांगली कुस्ती केली तर निवेदक नाव दोनदा घेतो, दुसऱ्या गावचे पंच लक्षात ठेवतात आणि पुढच्या यात्रेत तो दोन ओळी वर सरकतो. लढत रटाळ झाली तर फोन येत नाही.

१९१२ मध्ये खुल्या झालेल्या राजर्षी शाहू खासबाग मैदानाची रचना गोल आणि खोलगट आहे. कुठेही बसले तरी हौदा दिसतो, त्यामुळे तिथे लवकर आलेला प्रेक्षक पहिल्या कुस्तीपासून सगळे पाहतो. मोबाइलवरचा प्रेक्षक मात्र मुख्य कुस्तीच्या पाच मिनिटे आधी थेट प्रक्षेपण उघडतो. तोवर उद्याचा पैलवान लढून, अंगावरची माती झटकून निघूनही गेलेला असतो.

अंदाजात पहिला प्रश्न वजनाचा का?

मैदानी कुस्तीत वरचा क्रमांक बहुतेक वेळा वजनदार मल्लांना मिळतो. गर्दीला मोठी अंगे पाहायची असतात, त्यात गैर काही नाही. पण त्यामुळे हलक्या वजनाचा पैलवान म्हणजे दुय्यम पैलवान असा समज होतो. कोल्हापूरच्याच इतिहासाने तो खोटा ठरवला आहे.

कराडजवळच्या गोळेश्वरचे आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकलेले खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीत त्यांनी बँटमवेट, म्हणजे ५७ किलो गटात कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आजच्या एखाद्या फलकावर ५७ किलोच्या मल्लाला जागा मिळाली असती तर ती तळाशीच. बीडच्या राहुल आवारेनेही २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण जिंकले ते ५७ किलोतच.

म्हणून फलकावरची जागा म्हणजे गुणवत्तेची यादी नव्हे. ती गर्दीच्या आवडीची यादी आहे. पण एकाच जोडीतल्या दोघांच्या वजनांत फरक असेल, तर तो अंदाजात सर्वांत आधी मोजायला हवा. मातीत सहा-सात किलोचा फरक पहिल्या दोन मिनिटांत दिसत नाही. खालचा मल्ल पालथा पडून बचाव करू लागला आणि वरच्याने पाठीवर भार टाकला की तो दिसू लागतो.

आणखी काय पाहावे?

दुसरी गोष्ट, माती की गादी. गादीवरच्या फ्रीस्टाइलमध्ये तीन-तीन मिनिटांचे दोन डाव असतात आणि गुण मोजले जातात. तिथे वाढलेला मल्ल चपळ असतो, पट पटकन काढतो, कडेला नेऊन गुण घेतो. मातीत नुसत्या ताब्याला पारंपरिक पद्धतीत किंमत नाही, पाठ लावावी लागते. शिवाय ताक, तेल, हळद घालून मऊ केलेल्या मातीत पाय रुततो आणि दम लवकर जातो.

तिसरी गोष्ट, वेळ. कुस्ती निकालीच करायची की ठरावीक मिनिटांनंतर गुणांवर सोडवायची, यावर अर्धा अंदाज अवलंबून असतो. निकाली कुस्तीत दमदार मल्ल थांबून खेळतो. दहा मिनिटांची मर्यादा असेल तर खडाखडीतच वेळ घालवून बरोबरी साधणे हा दुबळ्या मल्लाचा सोपा मार्ग ठरतो.

चौथी गोष्ट, तालीम आणि वस्ताद. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमींची नावे ऐकून प्रेक्षक लगेच कौल देतात. पण तालमीचे नाव मल्लाबरोबर हौद्यात उतरत नाही. तो तिथे किती दिवस आहे, त्याला रोज जोड करायला कोण मिळते, हे पाहावे. मोठ्या तालमीत सहा महिन्यांपूर्वी आलेल्या पोरापेक्षा गावच्या तालमीत सहा वर्षे घाम गाळलेला पोर भारी ठरू शकतो.

पाचवी गोष्ट, लागोपाठची मैदाने. हंगामात काही पोरे आठवड्यात तीन-तीन ठिकाणी लढतात. खांद्याला पट्टी, कानाला सूज, चालताना अवघडलेला गुडघा हे फोटोत दिसत नाही. मैदानावर लवकर पोहोचणाऱ्याला दिसते.

तीन प्रकारच्या जोड्या, तीन अंदाज

नावे बाजूला ठेवून फलकावर नेहमी दिसणाऱ्या तीन प्रकारच्या जोड्या घेऊ.

पहिली : वयाने लहान, गादीवर तयार झालेला पोर विरुद्ध चार-पाच वर्षे यात्रा गाजवणारा मातीतला मल्ल. वजन सारखे. इथे पहिल्या तीन मिनिटांत गादीवाला पट काढून कब्जा घेईल. त्या वेळात त्याने घिस्सा किंवा एकचाक मारून पाठ लावली तर कुस्ती त्याची. नाही लावली तर प्रत्येक मिनिटागणिक पारडे मातीवाल्याकडे झुकते. निकाली कुस्ती असेल तर कौल मातीवाल्याला, पाच मिनिटांची असेल तर गादीवाल्याला.

दुसरी : सात किलोने जड, पण दमाने कमी मल्ल विरुद्ध हलका आणि काटक मल्ल. गर्दी नेहमी हलक्याच्या बाजूने ओरडते. पण कौल जड मल्लाला द्यावा, एका अटीवर. तो पहिल्या पाच मिनिटांत स्वतःहून भिडला पाहिजे. तो खडाखडीत रमला, तर हलका मल्ल त्याला दमवून बाहेरची टांग लावेल.

तिसरी : एकाच वयाची, एकाच वजनाची, शेजारच्या दोन गावांची पोरे. याला काटा जोड म्हणतात आणि प्रेक्षकांना हीच सर्वांत हवी असते. इथे कौल बरोबरीला द्यावा. गाव बघतेय म्हटल्यावर हरण्याची भीती जिंकण्याच्या इच्छेपेक्षा मोठी होते. दोघेही मान आणि पाय जपतात. पंचाने दोन-तीनदा ‘कुस्ती कर’ म्हणून दटावले तरच अशी कुस्ती निकाली होते.

मग जाणकारांचे अंदाज का चुकतात?

मोठ्या मल्लाच्या शंभर कुस्त्या लोकांनी पाहिलेल्या असतात. खालच्या मल्लाच्या दोन पाहिलेल्या असतात, त्यातलीही एक मोबाइलवर, अर्धवट. सहा महिन्यांत अठरा वर्षांच्या पोराचे अंग आणि खेळ दोन्ही बदलतात. म्हणजे अंदाज बांधला जातो तो गेल्या वर्षीच्या पोराचा, आणि हौद्यात उतरतो यंदाचा.

पृथ्वीराज पाटीलचे उदाहरण बोलके आहे. २०२२ मध्ये साताऱ्यात विशाल बनकरला ५-४ असे हरवून त्याने महाराष्ट्र केसरीची गदा २१ वर्षांनी कोल्हापूरला आणली, तेव्हा अनेकांना तो धक्का वाटला. पण आदल्याच वर्षी त्याने ज्युनियर जागतिक स्पर्धेत ९२ किलो गटात कांस्य जिंकले होते. ज्यांनी फक्त मोठी मैदाने पाहिली त्यांना धक्का बसला. ज्यांची कुमार गटावर नजर होती त्यांना बसला नसावा.

महिलांच्या कुस्तीतही तेच. अनेक मैदानांत ती वर्षानुवर्षे एका ओळीची बाब राहिली. २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. त्या ओळीत काय दडले होते, ते तेव्हा अनेकांना कळले.

एमएमएच्या अंडरकार्डमधून काय शिकावे?

तिथे प्रत्येक लढतीचे वजन, वय, उंची, आधीचे निकाल आधीच जाहीर असतात. आदल्या दिवशी सर्वांसमोर वजन होते. साधारण लढत पाच मिनिटांच्या तीन फेऱ्यांची. इतकी माहिती असूनही अंदाज कोसळतातच.

२०१७ मध्ये शांघायला महाराष्ट्राचा भरत खंडारे यूएफसीत उतरला तो अंडरकार्डमध्येच. समोर चीनचा साँग यादोंग, त्याचीही पहिलीच वेळ. पहिल्याच फेरीत गिलोटिन चोकने, म्हणजे समोरून मानेला घातलेल्या फासाने भरत हरला. पट काढायला मान खाली घालणाऱ्या कुस्तीगिराला या फासाचा धोका नेहमीच असतो. मातीत पाठ वाचवायला पालथे पडणे हा बचाव आहे, एमएमएत तेच गळा देणे ठरते. त्या दिवशी फलकाच्या तळाशी असलेला साँग पुढे मुख्य लढतींचा मानकरी झाला.

२०२३ मध्ये अबू धाबीत तोवर अपराजित असलेल्या अंशुल जुबलीला माइक ब्रीडेनने तिसऱ्या फेरीत गारद केले. त्याआधी यूएफसीत ब्रीडेनच्या नावावर एकही विजय नव्हता. २०२४ मध्ये पूजा तोमर यूएफसीत जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली, तेही दोन विरुद्ध एक अशा कौलाने. एका पंचाने तिन्ही फेऱ्या पूजाला दिल्या, दुसऱ्याने तिन्ही प्रतिस्पर्धी खेळाडूला. लढत डोळ्यांसमोर होऊनही पंचांत एकमत नाही, तर आधी केलेल्या भाकिताची काय कथा!

मग अंदाज बांधूच नये का?

जरूर बांधावा. अंदाज बांधणारा प्रेक्षक लवकर येतो, लक्ष देऊन पाहतो आणि चुकला की कारण शोधतो. कुस्तीला असाच प्रेक्षक हवा आहे. अडचण सुरू होते ती अंदाजाला पैसे चिकटले की. ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आहे. पण कायद्याच्या आधी साधा विवेक सांगतो की सट्ट्याचा सर्वांत मोठा फटका खालच्या जोडीला बसतो. मोठा मल्ल हरला तर ‘आज दिवस नव्हता’ म्हणतात. तळाचा पोर हरला तर ‘नुरा कुस्ती’ म्हणून मोकळे होतात. आधीच ठरवून खेळल्याचा हा शिक्का एकदा बसला की वीस वर्षांच्या पोराला तो पुसता येत नाही.

संयोजकांनी काय करावे?

मागणी फार मोठी नाही. ज्या जोड्या आधी ठरल्या आहेत, त्या सगळ्यांच्या नावापुढे वय, वजन, तालीम आणि कुस्तीची वेळ छापावी. मैदानावर लागणाऱ्या जोडीचे वजन जागेवर काट्यावर करून निवेदकाने पुकारावे. कुस्ती निकाली की गुणांवर, हे हात मिळवण्याआधी सांगावे. प्रत्येक निकाल, कोणत्या डावावर झाला यासह, रात्री त्याच फलकासारखा मोबाइलवर पाठवावा. वजनकाटा, एक वही आणि एक फोन इतक्यावर हे भागते.

त्याचा लाभ प्रेक्षकाला आहेच, पण त्याहून अधिक पोराला आहे. आज त्याची कुस्ती निवेदकाच्या आवाजाबरोबर विरून जाते. नोंद राहिली तर पुढच्या गावच्या पंचांना त्याची योग्य जोड लावता येईल, विजोड लढतीत होणाऱ्या दुखापती कमी होतील आणि फलकावर वर सरकण्यासाठी ओळखीची गरज उरणार नाही.

खालच्या जोडीचा निकाल खात्रीने कुणीच सांगू शकत नाही. तो चुकण्यातच या कुस्तीची गोडी आहे. मात्र अंदाज पोराच्या खेळामुळे चुकावा. त्याचे वजन, वय आणि तालीम कुणी लिहूनच ठेवली नाही म्हणून चुकू नये.